दोन मीटर कुठून आले

सुरतेतल्या आमच्या गोडादऱ्याच्या घरात फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. वर मुलीच्या अक्षरात ‘उशीर’ असं लिहिलंय आणि खाली पाच ओळी आहेत. पाहुण्यांना वाटतं, ते कॉलेजचं वेळापत्रक असावं. मी कुणाला समजावत बसत नाही, कारण त्यातली पाचवी ओळ माझ्यावर आहे.

मी घरी बसून लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त करते. आमचे हे बमरोलीच्या एका खात्यात मेकॅनिक आहेत. खातं म्हणजे इकडे लूमचा कारखाना. लग्न होऊन मी नंदुरबारजवळच्या गावाहून सुरतेला आले तेव्हा मला फक्त शिवणकाम येत होतं. हे बिघडलेले बोर्ड घरी आणायचे, जेवायच्या जागेवर पसरायचे आणि मी चिडायचे. एक दिवस म्हटलं, पसारा करायचाच असेल तर मलाही शिकवा, निदान माझाही हात लागेल. त्यांनी शिकवलं. वर्षभरात माझं सोल्डरिंग त्यांच्यापेक्षा साफ व्हायला लागलं, आणि हे मी त्यांना अजून विसरू दिलेलं नाही.

आमच्याकडे येणारे बहुतेक बोर्ड पाण्याच्या लूमचे. ही लूम पाण्याच्या फवाऱ्याने आडवा धागा फेकते, मिनिटाला सहाशे वेळा. धागा जिथे पोचतो तिथे दोन बारीक सुया असतात. ओला धागा सुयांना टेकला की त्यातून इवलीशी वीज वाहते आणि बोर्डाला कळतं, धागा आला. नाही आला तर बोर्डाने लूम थांबवायची. एवढंच त्याचं काम. पण सुयांवर कचरा बसतो, तारेत मोटरची खरखर शिरते आणि धागा नीट असतानाही लूम थांबते. याला खात्यात खोटा स्टॉप म्हणतात. कापडात बारीक दोष राहिलेला शेठला चालतो, खोटा स्टॉप चालत नाही. त्यामुळे बोर्डाबरोबर निरोप ठरलेला असायचा, की बहेनला सांगा, जरा थंडा करून द्या.

थंडा करायचा म्हणजे एक छोटा कंडेन्सर लावायचा. तो वीज थोडी धरून ठेवतो, त्यामुळे क्षणभराची खरखर बोर्डापर्यंत पोचत नाही आणि बोर्ड उगाच दचकत नाही. खरी खबरही मग सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचते, पण तेवढ्यात लूम फार तर एक धागा पुढे जाते. हजारो धाग्यांच्या कापडात एक धागा कोण बघतो? खरा इलाज वेगळा असतो. सुया घासायच्या, सुयांची तार मोटरच्या तारेपासून लांब न्यायची, अर्थिंग वेगळं करायचं. पण त्यासाठी लूम दोन तास बंद ठेवावी लागते, आणि दोन तास कुणी देत नाही. म्हणून मी कंडेन्सर लावत आले. इतकी वर्षं लावले की पुढे पुढे विचारही करावा लागेना, खोटा स्टॉप म्हटलं की हात आपोआप कंडेन्सरच्या डबीकडे जायचा.

मुलगी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती तेव्हाची ही गोष्ट. तिच्या कॉलेजातली काही मुलं मिळून एक छोटी विजेवरची गाडी बनवत होती. गाडीत माणूस बसणार नव्हता. सरळ रस्त्यावर ताशी बहात्तरने पळायचं, समोर भिंत दिसली की स्वतःहून ब्रेक लावायचा आणि भिंतीच्या एक मीटर अलीकडे थांबायचं, एवढं तिला यायला हवं होतं. गाडीच्या डोळ्यापासून, म्हणजे सेन्सरपासून, ब्रेकपर्यंत निरोप नेणारा बोर्ड माझ्या मुलीने केला होता. तिच्या सरांचं मत होतं की बाजारात तयार बोर्ड मिळतो तो लावून मोकळं व्हावं. मुलीने हट्ट धरला. शेवटी असं ठरलं की एका शनिवारी चाचणी घ्यायची; तिच्या बोर्डवर गाडी नीट थांबली तर तिचा बोर्ड राहील, नाही तर तयार बोर्ड बसेल आणि ती गाडीच्या कामातून बाहेर. सहा महिने तिने दुसरं काही केलं नव्हतं. घरात जेवताना, कपडे वाळत घालताना, तोंडात एकच विषय.

‘उशीर’चा कागद तिने तेव्हाच लावला. गाडीला भिंत दिसल्यापासून ब्रेक धरेपर्यंत जो वेळ जातो तो तिने चौघांत वाटला होता. डोळ्याला सेकंदाच्या हजार भागांतले वीस, बोर्डाला पाच, ब्रेकला पन्नास. तारेपुढे तिने शून्य लिहिलं होतं. मी विचारलं, तारेतून जायला वेळ लागतच नाही का? म्हणाली, लागतो, पण वीज इतकी पळते की तो धरायची गरज नाही; वेळ खातात ते बघणारे आणि ठरवणारे. आणि मग मला बजावल्यासारखं म्हणाली की या चौघांपैकी कुणीही दुसऱ्याला न विचारता एक हजारांशसुद्धा जास्त घ्यायचा नाही.

मला हे सगळं पोरखेळ वाटायचं. हजारांश म्हणे. मी तिला म्हटलं, माझे हात बघ, याहून चपळ काय असणार? तिने शाळेतली स्टीलची पट्टी आणली. माझ्या अंगठ्याच्या आणि बोटाच्या मध्ये शून्याचा आकडा धरला आणि म्हणाली, मी सोडली की पकड. मी पकडली तेव्हा पट्टी वीस सेंटिमीटर खाली गेलेली होती. पुन्हा केलं, पुन्हा जवळपास तेवढीच. तिने सांगितलं की वीस सेंटिमीटर पडायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. ताशी बहात्तर म्हणजे सेकंदाला वीस मीटर. म्हणजे तुझ्या चपळ हातांना कळेपर्यंत गाडी चार मीटर पुढे गेली, मम्मी. सुरतेत त्या नव्या वेगवान रेल्वेचे खांब उभे राहिलेत ना, त्यावरून गाडी तीनशेच्या वर धावेल, तेव्हा ड्रायव्हरला रस्त्याकडेचा सिग्नल वाचताच येणार नाही, म्हणून सिग्नलच त्याच्या समोर आत आणून ठेवतात. तिथे सेकंदाच्या दहाव्या भागात आठ मीटर जातात. मी पट्टी खाली ठेवली आणि भाजीकडे वळले. मनातून मात्र ते गेलं नाही. वेग म्हणजे पाय किती जोरात पळतात ते, असं मी समजत होते. ती म्हणत होती ते वेगळं होतं. कळायला जितका वेळ लागतो तितकी वाट आपण आंधळ्यासारखी चालतो, आणि वेग वाढला की ती आंधळी वाट लांबते, बस.

चाचणीला तीन दिवस उरले आणि तिच्या गाडीला आमचाच रोग लागला. भिंत नसताना ब्रेक लागायचा. पंधरा-वीस मीटर जायची आणि थांबायची. ती रडवेली होऊन घरी आली. मी म्हटलं, अगं, हा खोटा स्टॉप आहे, मी रोज निस्तरते. तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं की मम्मी, हे लूमसारखं नाही.

मला झोंबलं ते. खोटं कशाला बोलू? मी ज्या कामावर हिला इथवर आणलं ते काम हिने एका वाक्यात हलकं ठरवलं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी ती बोर्ड माझ्याकडे ठेवून गेली. एक कनेक्टर हलत होता, तेवढा पक्का करून दे म्हणाली, कॉलेजात कुणाचं सोल्डरिंग तुझ्यासारखं नाही. दुपारी मी कनेक्टर केला. बोर्ड उलटा करून बघत बसले. कुठून निरोप येतो, कुठे जातो, हे कळायला मला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. हात डबीकडे गेला. लूमला लावते तोच दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढला, पाठीमागच्या बाजूला बसवला आणि वर काळी पट्टी लावली. मुलीची काळजी होती, हे खरं. पण मनात हेही होतं की बघ आता, लूमसारखं आहे की नाही. तिला सांगितलं नाही. गाडी जिंकून आली की मग सांगायचं, असं ठरवून टाकलं.

शनिवारी तिने मलाही बरोबर नेलं, ऐनवेळी काही सुटलं तर जोडायला. कॉलेजच्या मागे एक नवा रस्ता होता, अजून रहदारीला न उघडलेला. त्यावर थर्माकोलची पांढरी भिंत उभी केली होती. सरांनी माझ्यासाठी चौकीदाराच्या केबिनमधून खुर्ची मागवली. माझ्या हातचा कनेक्टर सगळ्या मुलांना दाखवला आणि म्हणाले, बहेनसारखं काम करायला शिका. अशी चार लोकांत तारीफ माझी कुणी केली नव्हती. मी पदर सावरून ताठ बसले.

आधी हळू, ताशी अठराने गाडी सोडली. एकदाही खोटी थांबली नाही. भिंतीपाशी जाऊन उभी राहिली, फक्त ठरल्यापेक्षा अर्धा मीटर पुढे. रस्त्यावर रेती आहे, चाकं सरकली असतील, असं मुलांनी ठरवलं. मुलीने आदल्या दिवशी प्रोग्राममध्ये काही ओळी बदलल्या होत्या, त्यांनीच खोटे स्टॉप गेले असं तिला वाटलं. ती माझ्याकडे बघून हसली. मीही हसले, आणि माझ्या हसण्याचं कारण वेगळं होतं.

मग बहात्तरने सोडली. सव्वा अकरा वाजले होते. गाडी आली, ब्रेक लागल्याचा आवाज आला आणि गाडी भिंतीत घुसली. थर्माकोलचे तुकडे रस्ताभर उडाले. पोरं धावली. टेप लावून मोजलं. चाकांचे काळे पट्टे जिथे सुरू व्हायला हवे होते त्याच्या दोन मीटर पुढे सुरू झाले होते.

सर रागावले नाहीत. म्हणाले, चार वाजता अजून एकदा सोडू, नाही जमलं तर सोमवारी तयार बोर्ड लावू. मुलगी लिंबाच्या झाडाखाली लॅपटॉप घेऊन बसली. शेजारी माझी खुर्ची. ती स्वतःशीच पुटपुटत होती, दोन मीटर कुठून आले, दोन मीटर कुठून आले.

मला माहीत होतं कुठून आले. सेकंदाला वीस मीटर, त्याचा दहावा भाग दोन मीटर. हळू जाताना सेकंदाला पाच, त्याचा दहावा भाग अर्धा मीटर. रेती नव्हती ती, मी होते. लूमवर जो उशीर एका धाग्याचा होता तोच इथे दोन मीटरचा झाला होता, आणि भिंतीपुढे जागा होती एकाच मीटरची. गणित माझं कच्चं आहे, पण हे गणित टेप लावली तेव्हाच सुटलं.

तरी मी बोलले नाही. सांगायला लाज वाटते, पण नाही बोलले. सरांनी नुकतीच तारीफ केली होती, पोरं आंटी आंटी करत होती, एकाने मला थंड पाण्याची बाटली आणून दिली होती. मी एक पळवाट काढली. म्हटलं, बोर्ड दे, टाके एकदा बघून घेते. हळूच कंडेन्सर काढून टाकला असता आणि कुणाला कळलं नसतं. ती म्हणाली, नको मम्मी, बोर्ड नीट आहे, आता त्याला हात नको; चूक माझ्या प्रोग्राममध्ये आहे. तिने सगळ्या ओळी पहिल्यापासून तपासल्या. मग दुसऱ्यांदा तपासल्या. जेवणाचा डबा उघडला नाही. मी भाकरी तशीच हातात धरून बसले होते.

सव्वा वाजता ती उठली, सरांकडे गेली आणि म्हणाली की मला चूक सापडत नाही, बहुतेक मला हे नीट जमलेलंच नाही. परत येऊन बसली आणि प्रोग्राममधले आकडे बदलायला लागली. भिंत आहे त्यापेक्षा दोन मीटर जवळ आहे असं गाडीला सांगायचं, म्हणजे ब्रेक लवकर लागेल. मी बघत होते. जे बरोबर होतं ते ती माझ्या चुकीच्या मापाने वाकडं करत होती. आणि वर सरांना सांगून आली होती की मला जमत नाही. एवढं मात्र मला बघवलं नाही.

ती बाहेर गुजराती बोलते, मुलांशी हिंदी, माझ्याशी मराठीत मम्मी म्हणून. घरातली अहिराणी तिने शाळेतच सोडली होती, वर्गातली मुलं हसायची म्हणून. पण त्या वेळी माझ्या तोंडून तीच आली.

“बोर्डना मांगे एक कंडेन्सर शे. मी लायेल शे.”

तिची बोटं थांबली. मग विचारलं,

“कितला?”

“दहाना.”

तिने मनातल्या मनात काही मोजलं. मी वाट बघत होते की आता ओरडेल, सगळ्यांसमोर बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती वळली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली,

“तू आठेच बशेल व्हती ना माय?”

कंडेन्सर का लावलास, हे तिने विचारलंच नाही. मी इथेच तिच्या शेजारी बसून होते, एवढंच तिला सलत होतं. तिला किती वर्षांनी माय म्हणताना ऐकलं, आणि ते असं. मला तिथेच रडू फुटलं. मी म्हटलं, चूक माझी, मी सरांना सांगते. आणि उठून सांगितलंही. सर घड्याळाकडे बघून म्हणाले, बहेन, अजून अडीच तास आहेत.

मुलीने माझ्याकडून सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं. काळी पट्टी काढली आणि कंडेन्सर स्वतःच्या हाताने सोडवला. मला हात लावू दिला नाही, आणि मीही आग्रह धरला नाही. पण कंडेन्सर गेला म्हणजे खोटे स्टॉप परत येणार, हे आम्हा दोघींनाही कळत होतं. तेव्हा मी तिला विचारलं. आधी विचारलं, मग केलं. त्या दिवसापुरती तरी मला अक्कल आली होती. म्हटलं, डोळ्याची तार कुठून नेलीय? तिने गाडीचं झाकण उघडून दाखवलं. डोळ्याची तार आणि मोटरची जाड तार एकाच पट्ट्याने आवळून, नीटनेटकी, शेजारी शेजारी बांधलेली होती. कुणीतरी सुबक दिसावं म्हणून केलं होतं. मी सांगितलं, लूमवर हेच होतं, खरखर इथून शिरते. वेगळ्या करायच्या, अर्थिंगही वेगळं द्यायचं. हे मला वर्षानुवर्षं ठाऊक होतं आणि वर्षानुवर्षं मी ते टाळत आले होते. आम्ही दोघी रस्त्यावर मांडी घालून बसलो. ती पट्टे कापायची, मी तार ओढून दुसऱ्या बाजूने न्यायचे. लूमवर जे दोन तास मला कधी मिळाले नाहीत ते त्या दुपारी मिळाले.

चार वाजता आधी मोकळ्या रस्त्यावर सोडली. वाटेत एकदाही दचकली नाही. मग नवी भिंत उभी केली, जुन्या तुकड्यांना चिकटपट्टी लावून. गाडी बहात्तरने आली, ओरडली आणि भिंतीच्या अलीकडे उभी राहिली. टेप धरली तर पंच्याण्णव सेंटिमीटर. पोरांनी तिला उचलूनच घेतलं. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि तयार बोर्डाचा विषय पुन्हा काढला नाही.

घरी येताना रिक्षात ती माझ्याशी बोलली नाही. यांनी दारातच विचारलं, काय झालं, तर म्हणाली, बोर्ड राहिला. एवढंच. हातपाय धुऊन आली, पेन घेतलं आणि फ्रिजसमोर उभी राहून त्या कागदावर पाचवी ओळ लिहायला लागली. मी चहा टाकत होते. ती गेल्यावर वाचायला गेले.

‘माय’ असं लिहिलं होतं आणि पुढे, ‘दोन तास दहा मिनिटं.’ सव्वा अकरापासून एक पंचवीसपर्यंत. तिने घड्याळ बघितलं होतं. कंडेन्सरचा उशीर तिने लिहिलाच नव्हता.

मी ती ओळ पुन्हा वाचली. चहा उतू जाण्याच्या बेतात आला तेव्हा ती मागून आली आणि गॅस बारीक केला. तिच्या हातात पेन होतंच. सेकंदाला वीस मीटर धरून तिने त्या ओळीपुढे अंतर मांडलं. आकडा आला एकशे छप्पन्न किलोमीटर. एवढं अंतर माझ्या चांगलं ओळखीचं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पॅसेंजर गाडीत खिडकीशी बसून, सासरची वाट म्हणून, ते मी स्टेशनं मोजत ओलांडलं होतं.

“तू बोलेपर्यंत,” ती म्हणाली, “गाडी नंदुरबारला पोचली असती, माय.”